अखेरपर्यंत विद्यार्थिनी : कै. दुर्गाबाई भागवत

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्यावे, असे कार्यकारी मंडळाच्या भगिनींनी मला सांगितले. जिजामाता, महाराणी ताराबाई, अहिल्यादेवी, सावित्रीबाई यांची चरित्रे आपण दरवर्षी ऐकतो आणि ती ऐकावीतच. यंदा मी एका निराळ्या बाईचे चरित्र निवडले आहे. या बाईंनी तलवार हाती धरली नाही, संसार मांडला नाही, सत्तेची खुर्चीही घेतली नाही. त्यांनी जन्मभर अभ्यास केला आणि जे समजले ते निर्भयपणे सांगितले. त्या म्हणजे कै. दुर्गाबाई भागवत.

हे चरित्र निवडण्याचे कारण आधीच सांगते. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले. आपल्या मंडळात माझ्यासारख्या पुष्कळजणी आहेत. आता आपल्या मुली कॉलेजात जातात. मुलगी बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला असते, तोच एखादे चांगले स्थळ सांगून येते आणि घरात चर्चा सुरू होते, की पदवी घेऊन पुढे काय करायचे आहे, नोकरी थोडीच करायची आहे! हा प्रश्न आपण सगळ्यांनीच ऐकला आहे, काहींनी विचारलाही आहे. त्याचे उत्तर दुर्गाबाईंच्या चरित्रात मला सापडले, म्हणून त्यांच्या कॉलेजच्या दिवसांबद्दल मी जरा विस्ताराने लिहिणार आहे.

दुर्गाबाईंचा जन्म 10 फेब्रुवारी 1910 रोजी इंदूरला झाला. भागवतांचे घराणे विद्येचे. वडील नारायणराव हे रसायनशास्त्रज्ञ होते, चुलतेही त्याच शास्त्रातले. बंगलोरला टाटांनी विज्ञानाची मोठी संस्था काढली, तिथे अगदी पहिल्यापहिल्यांदा शिकून बाहेर पडलेल्या मंडळींत हे दोघे भाऊ होते. अशा घरात मुलींनी शिकायचे की नाही हा प्रश्नच नव्हता. दुर्गाबाईंची धाकटी बहीण कमला हिने वडिलांचे शास्त्र घेतले आणि दुर्गाबाईंनी संस्कृत घेतले. शाळेचे शिक्षण निरनिराळ्या गावी झाले आणि पुढे कॉलेजसाठी मुंबईचे सेंट झेवियर कॉलेज ठरले.

हे कॉलेज मुंबईत धोबीतलावाला आहे. रोमन कॅथलिक पंथातल्या जेझुइट पाद्र्यांनी ते 1869 साली काढले. युरोपात अशा पाद्र्यांची स्वतःची विद्यापीठेच असतात. तिथे शिकवायचे त्यांनी, परीक्षा घ्यायची त्यांनी आणि पदवीही त्यांनीच द्यायची. आपल्याकडे तसे नव्हते. कॉलेज पाद्र्यांचे, पण परीक्षा आणि पदवी मुंबई विद्यापीठाची. त्यामुळे झेवियरचा विद्यार्थी आणि सरकारी एल्फिन्स्टनचा विद्यार्थी एकाच परीक्षेला बसत. सुरुवातीला झेवियरमध्ये जर्मन पाद्री पुष्कळ होते. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने जर्मन पाद्र्यांना इथे राहू दिले नाही, आणि युद्धानंतर हळूहळू स्पेन देशातले पाद्री येऊ लागले. ही मंडळी घरदार सोडून आलेली, अविवाहित, जन्मभर एका विषयाला वाहून घेतलेली. कोणी वनस्पतींचा अभ्यास करी, कोणी इतिहासाचा, कोणी संस्कृतचा. वर्गात ख्रिस्ती, पारशी, हिंदू, मुसलमान अशी सगळ्या धर्मांची मुले एकत्र बसत.

त्या काळी मॅट्रिकनंतर चार वर्षांनी बी. ए. होता येई. मधे इंटरची अवघड परीक्षा असे. सगळे शिक्षण इंग्रजीतून. संस्कृतसुद्धा इंग्रजीतून शिकवीत, म्हणजे कालिदासाचा श्लोक वाचायचा आणि त्याचा अर्थ परीक्षेत इंग्रजीत लिहायचा! मराठी शाळेतून आलेल्या मुलामुलींना हा दुहेरी डोंगर चढावा लागे. कॉलेजात मुली मोजक्याच असत. सगळ्या वर्गाच्या नजरा आपल्याकडे आहेत हे ठाऊक असताना शंका विचारायला उभे राहणे, हेसुद्धा त्या काळच्या मुलीला धैर्याचेच काम होते.

इथे आपल्या कोल्हापूरची एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. दुर्गाबाईंच्या आधी त्यांच्याच घराण्यातला एक मोठा विद्वान या झेवियर कॉलेजात संस्कृत शिकवीत असे. ते राजारामशास्त्री भागवत. त्यांचा जन्म 1851 सालचा, मृत्यू 1908 सालचा. ते आधी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात डॉक्टरी शिकायला गेले होते, पण ते सोडून संस्कृतकडे वळले. ब्राह्मण असूनही जातीच्या अहंकारावर त्यांनी कडाडून टीका केली. आपल्या राजर्षी शाहू महाराजांचा आणि त्यांचा चांगला परिचय होता.

1899 सालच्या कार्तिक महिन्यात महाराज पहाटे पंचगंगेवर स्नानाला जात असत. राजारामशास्त्री बरोबर होते. घाटावर भटजी मंत्र म्हणत होते. शास्त्रीबुवांच्या कानांनी ओळखले, की हे मंत्र वेदांतले नाहीत, पुराणांतले आहेत. त्यांनी ते महाराजांच्या ध्यानी आणून दिले. विचारणा होता उघड झाले, की भटजींच्या मते महाराज क्षत्रिय नव्हेत, शूद्र आहेत, म्हणून त्यांच्यासाठी वेदमंत्र म्हणायचे नाहीत. शिवछत्रपतींच्या गादीवरच्या राजाला त्याच्याच राज्यात, त्याच्याच नदीवर हे ऐकावे लागले. पुढे जे वेदोक्त प्रकरण झाले ते सगळ्या महाराष्ट्रात गाजले. 1902 साली महाराजांनी राजोपाध्यांचे वतन जप्त केले. महाराजांनी बहुजनांसाठी वसतिगृहे काढली, सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण आणले, विधवा सुनेला, इंदुमती राणीसाहेबांना, सोनतळीला ठेवून शिकवले. या सगळ्यामागे पंचगंगेच्या घाटावरचा तो अनुभव होता असे जाणकार मानतात.

भगिनींनो, थोडा विचार करून पाहा. वेद राजाला नाहीत असे म्हणणाऱ्या लोकांनी ते स्त्रियांना तर कधीच नाकारले होते. मग ती ब्राह्मणाची मुलगी असली तरी तीच गत. अशा काळात मुंबईच्या एका ख्रिस्ती कॉलेजात वर्गाचे दार उघडे होते. फी भरली आणि परीक्षा उतरली, की कोणत्याही जातीच्या मुलाला आणि मुलीलाही संस्कृत शिकता येत होते. कधी तिथे शिकवायला राजारामशास्त्री असत, तर कधी युरोपातून आलेला एखादा पाद्री. आपल्याच घरातले कुलूपबंद कपाट परक्याच्या घरी उघडे मिळावे, तशी ही गोष्ट. त्याबद्दल त्या शिक्षकांचे उपकार मानावेत, आणि कुलूप आपणच लावले होते हेही विसरू नये.

दुर्गाबाई कॉलेजात होत्या ते दिवस चळवळीचे होते. कॉलेजासमोरच आज आझाद मैदान म्हणतात ते विस्तीर्ण मैदान आहे. 1930 साली गांधीजींनी मिठाचा सत्याग्रह केला आणि मुंबईत रस्तोरस्ती मिरवणुका निघू लागल्या. त्या वर्षी 21 जूनला याच मैदानावर पोलिसांनी सत्याग्रहींवर लाठ्या चालवल्या. अशा वेळी वर्गात बसून व्याकरण शिकणे तरुण मनाला कसे रुचावे? दुर्गाबाईंनी काही काळ कॉलेज सोडले आणि त्या स्वातंत्र्याच्या चळवळीत शिरल्या. पण त्या परत आल्या, राहिलेला अभ्यास पुरा केला आणि 1932 साली बी. ए. झाल्या. मला त्यांचे हे परत येणे फार मोलाचे वाटते. शिक्षणात खंड पडणे नवे नाही. कोणाचा लग्नाने पडतो, कोणाचा आजारपणाने, कोणाचा पैशाने. परत फिरून त्या बाकावर बसायला मात्र जास्त बळ लागते.

त्यांच्या बहिणीचीही गोष्ट याच सुमाराची. कमलाबाई 1933 साली मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्‌सी. परीक्षेत पहिल्या आल्या आणि वडील जिथे शिकले त्या बंगलोरच्या संस्थेत त्यांनी अर्ज केला. संस्थेचे प्रमुख होते जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ सर सी. व्ही. रामन. मुलगी आहे एवढ्याच कारणावरून त्यांनी प्रवेश नाकारला. कमलाबाईंनी हट्ट सोडला नाही. शेवटी एक वर्ष काम पाहू, मग ठरवू, अशा अटीवर त्यांना घेतले. त्यांचे काम पाहून रामन यांचे मत बदलले आणि पुढे तिथे मुलींना दार उघडे झाले. याच त्या डॉ. कमला सोहोनी. 1939 साली त्यांनी केंब्रिज विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली.

दुर्गाबाईंनी एम. ए. साठी निवडलेला विषयही असाच, दाराशी अडवलेल्या बायकांशी नाते सांगणारा होता. झेवियर कॉलेजात फादर हेरास नावाचे इतिहासाचे मोठे अभ्यासक होते. ते स्पेनचे. 1922 साली मुंबईला आले आणि 1926 साली त्यांनी कॉलेजातच भारताच्या इतिहासाच्या संशोधनासाठी एक संस्था काढली. जुनी नाणी, मूर्ती, पोथ्या, पुस्तके यांचा त्यांनी मोठा संग्रह केला. आज ती संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते. या संस्थेच्या ग्रंथमालेत 1939 साली दुर्गाबाईंचा इंग्रजी प्रबंध पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. विषय होता प्राचीन बौद्ध संघाचे कायदेकानू.

हा विषय ऐकायला रुक्ष वाटतो, पण आत शिरले की फार रंजक आहे. बुद्धांनी भिक्षूंचा संघ काढला. शेकडो माणसे एकत्र राहायची म्हणजे नियम आलेच. चीवर किती असावीत, भिक्षापात्र कधी बदलावे, भांडण झाले तर निवाडा कोणी करावा, चूक कबूल कशी करावी, शिक्षा काय असावी, हे सगळे विनयपिटक नावाच्या पाली ग्रंथात बारकाईने सांगितले आहे. बायकांना संघात घ्यावे की नाही हा तिथेही मोठा प्रश्न झाला. बुद्धांना लहानाचे मोठे करणाऱ्या मावशी महाप्रजापती गौतमी यांनी विनंती केली, ती आधी मान्य झाली नाही. त्या पायी चालत मागोमाग गेल्या, दाराशी उभ्या राहिल्या, आणि बुद्धांचा शिष्य आनंद याने त्यांची बाजू मांडली तेव्हा दार उघडले. तेसुद्धा आठ कडक अटींवर! भिक्षूंना 227 नियम आहेत आणि भिक्षुणींना 311. बायकांना चार नियम जास्तच, ही रीत किती जुनी आहे पाहा.

एम. ए. नंतर दुर्गाबाईंनी पीएच. डी. साठी मध्य प्रांतातल्या आदिवासींचा अभ्यास सुरू केला. एकटी तरुण मुलगी जंगलातल्या गोंडांच्या वस्त्यांतून हिंडे, त्यांची गाणी, कथा, सणवार टिपून घेई. तिथेच विषारी सुरण खाण्यात आला आणि त्यांची प्रकृती इतकी बिघडली, की जवळजवळ सहा वर्षे त्या अंथरुणाला खिळल्या. उमेदीची सहा वर्षे गेली. पीएच. डी. ची पदवीही त्यांना कधी मिळाली नाही.

आता आपण तो प्रश्न विचारू. इतके शिकून काय मिळाले? डॉक्टर ही पदवी नावामागे लागली नाही. शरीर खचले. लग्न केलेले नव्हते. लोकांच्या हिशेबाने पाहिले तर सगळा तोटाच. पण खरा हिशेब पुढे आहे. आजारातून उठल्यावर त्यांनी जे लिहिले त्याने मराठी भाषा श्रीमंत झाली. 1956 साली त्यांचे ‘ऋतुचक्र’ आले. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत बारा महिन्यांत झाडे, फुले, पाने, आभाळ कसे पालटत जाते त्याचे ते वर्णन आहे. त्याच वर्षी लोकसाहित्यावरचा त्यांचा ग्रंथ आला. आपण जात्यावर म्हटलेल्या ओव्या, हादग्याची गाणी, आजीच्या कहाण्या यांना विद्वानांच्या पंगतीत मानाचे पान त्यांनी वाढले. 1962 साली ‘व्यासपर्व’ आले. त्यात महाभारतातल्या माणसांकडे त्यांनी नव्या नजरेने पाहिले. ‘पैस’ या पुस्तकाला 1971 साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. त्या पुस्तकाचे नाव नेवाशाच्या खांबावरून आले आहे, ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली असे मानतात. बुद्धाच्या जातककथा त्यांनी सात खंडांत मराठीत आणल्या. कॉलेजात ज्या विषयाचे बी पडले त्याचे पीक त्या शेवटपर्यंत काढीत होत्या.

आपल्या भगिनींना विशेष आवडेल अशी गोष्ट म्हणजे त्यांनी ‘खमंग’ नावाचे स्वयंपाकाचे पुस्तकही लिहिले आहे. शिकलेल्या बाईला चूल ठाऊक नसते असे म्हणणाऱ्यांनी ते जरूर वाचावे. फोडणीचा वास आणि कालिदासाचा श्लोक ही दोन्ही एकाच बाईला सारखीच प्रिय असू शकतात. मी त्यांची काही पुस्तके आपल्या करवीर नगर वाचन मंदिरातून आणून वाचली. सगळे समजले असे म्हणणार नाही. पण ‘ऋतुचक्र’ वाचल्यापासून रंकाळ्यावर जाताना झाडांकडे बघायची सवय लागली, एवढे खरे.

दुर्गाबाईंचे ग्रंथालय मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचे. टाऊन हॉलच्या त्या उंच पायऱ्या चढून त्या वर्षानुवर्षे तिथे वाचायला जात. विद्यापीठाने पदवी दिली नाही तरी वाचायला कोणी मनाई करू शकत नव्हते.

अभ्यासाने माणूस भित्रा होतो, पुस्तकातला किडा होतो असे म्हणतात. दुर्गाबाईंनी ते खोटे ठरवले. डिसेंबर 1975 मध्ये कऱ्हाडला मराठी साहित्य संमेलन भरले. कऱ्हाड आपल्याच पुणे रस्त्यावरचे गाव, आपल्याकडूनही पुष्कळ मंडळी गेली असतील. अध्यक्ष होत्या दुर्गाबाई. कुसुमावती देशपांडे यांच्यानंतर हा मान मिळालेल्या त्या दुसऱ्या स्त्री. देशात तेव्हा आणीबाणी होती. वर्तमानपत्रांवर बंधने होती, पुढारी तुरुंगात होते, बोलायची कोणाची छाती नव्हती. स्वागताध्यक्ष होते यशवंतराव चव्हाण, म्हणजे केंद्र सरकारातले मोठे मंत्री. त्यांच्यासमोर दुर्गाबाईंनी लेखकाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न मांडला आणि आजारी असलेल्या जयप्रकाश नारायण यांच्यासाठी सगळ्या सभेला उभे राहून प्रार्थना करायला लावली. 1976 साली त्यांना अटक झाली, तीही एशियाटिकच्या ग्रंथालयात वाचत असताना. पासष्टी ओलांडलेली, प्रकृतीने नाजूक बाई, पण माफी मागितली नाही. पुढे सरकारी मानसन्मानही त्यांनी नाकारले. 7 मे 2002 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय 92 वर्षांचे होते.

एका घाटावर शास्त्रीबुवांनी राजाला सत्य सांगितले आणि पाऊणशे वर्षांनी त्याच घराण्यातल्या मुलीने भर सभेत सरकारला सांगितले. दोघांचेही बळ एकच होते. त्यांनी स्वतः वाचले होते, म्हणून दुसरा सांगेल ते मुकाट्याने ऐकून घेण्याची पाळी त्यांच्यावर आली नाही. मंत्र कोणता चालला आहे हे ज्याला कळते, त्याला फसवता येत नाही. मुलीला बी. ए. करून काय करायचे, याचे माझ्या मते हेच उत्तर आहे. नोकरी मिळेल न मिळेल, पण तिच्यासमोर कोण कोणता मंत्र म्हणतो आहे ते तिला कळेल. सासरी, बँकेत, दवाखान्यात, निवडणुकीच्या सभेत, सगळीकडे कळेल.

आपल्या गावात आता उणे काही नाही. राजाराम कॉलेज महाराजांच्या आधीपासून आहे. मुलींसाठी कमला कॉलेज आहे. 1962 सालापासून शिवाजी विद्यापीठ आपल्या दाराशी आहे. दुर्गाबाईंना मुंबईला जावे लागले, आपल्या मुलींना केएमटीची बस पुरते. तेव्हा स्थळ चांगले असेल तर सोयरिकीला सांगावे, की मुलीचे शेवटचे वर्ष पुरे होऊ द्या, मग अक्षता टाकू. सोयरे समंजस असतील तर थांबतील. आणि ज्यांचे शिक्षण माझ्यासारखे सातवीला थांबले त्यांनीही हळहळत बसू नये. मंडळात आठवड्यातून एक दुपार वाचनासाठी ठेवावी, एकीने वाचावे आणि बाकीच्यांनी ऐकावे, अशी माझी सगळ्या भगिनींना नम्र सूचना आहे. पहिल्या दुपारी ‘ऋतुचक्र’ घ्यावे. पुस्तक आणण्याची जबाबदारी मी घेते.